रत्नव्वाच्या पडावरची अळंबी

कागल सोडून निपाणीच्या अंगाला निघालं की बेळूवाडी लागते. गावातली निम्मी घरं मराठी बोलतात, निम्मी कानडी, आणि भांडताना सगळी दोन्ही बोलतात. या गावात रत्नव्वा हेब्बाळे लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. तिसऱ्याच महिन्यात ती गावातल्या बायकांबरोबर वडापच्या जीपमध्ये बसून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायला लागली, ती पुढं जवळजवळ चाळीस वर्षं जात राहिली.

वखारीतलं काम सगळ्यांना ठाऊक आहे तसंच. तंबाखू चाळायची, काडी निवडायची, पाणी मारायचं, वाळवायची, पोत्यात भरायची. नाकाला पदर बांधून दिवसभर खाली मान. पण रत्नव्वाचं एक वेगळं होतं. पोती शिवायच्या आधी दिवाणजी तिला हाक मारायचे. ती ढिगात हात घालून मूठभर पाला उचलायची, दाबायची, सोडायची. पाला चुरचुरला की म्हणायची, "अजून एक हात पाणी." चिकटून बसला की म्हणायची, "आज शिवू नका, आत कुजंल." एवढंच. तिच्या शब्दावर शेकडो पोती शिवली जायची किंवा थांबायची, आणि संध्याकाळी ती इतर बायकांएवढाच पगार घेऊन जीपमध्ये बसायची. यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नाही.

गेल्या संक्रांतीला मालकांच्या मुलांनी वखार बंद केली. त्यांना त्या जागी मंगल कार्यालय बांधायचं होतं. बेळूवाडीच्या अकरा बायका एका दिवसात घरी बसल्या.

रत्नव्वाला घरी बसायची सवय नव्हती. पहाटे जाग यायची, डबा भरायला उठायची आणि मग आठवायचं. मुलगा महांतेश कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा. सून सौंदर्या बी.कॉम. झालेली, पदरात पाच महिन्यांची लेक. नवरा सिद्धाप्पा एक एकर उसात. ज्याला त्याला ज्याचं त्याचं काम होतं. रत्नव्वा एकदा भांडी घासायची आणि दुपारी तीच भांडी पुन्हा घासायची. सिद्धाप्पा एकदा म्हणालाच, "अगं, पितळ झिजंल."

मे महिन्यात सौंदर्यानं मोबाईलवर कोल्हापूरच्या एका प्रशिक्षणाला नाव घातलं. अळंबी पिकवायचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. पण जायचा दिवस जवळ आला तशी पोरीला ताप भरला आणि ती आईला सोडेना.

"राहू दे, अत्ती," सौंदर्या म्हणाली. सासूला ती कानडी वळणानं अत्ती म्हणायची. "पुढच्या टायमाला बघू."

"नाव घातलंस न्हवं? मग माझं नाव सांग. मी जातो."

सोप्यात बसलेला सिद्धाप्पा हसला. "तिथं काय तंबाखू निवडायची न्हाय."

"न्हाय तर न्हाय. बघून येतो की."

तिकडची बाई अशीच बोलते, गड्यासारखं "जातो, येतो". आणि रत्नव्वा बोलली तशी गेलीही. वर्गात बावीस जण होते, बहुतेक तिशीच्या आतले. उचगावचा एक पोरगेला इंजिनिअर शेजारी बसला होता. त्यानं तिच्या हातातल्या डब्याकडं बघून विचारलं, "आज्जी, तुमी चुकून आलासा काय?"

"न्हाय बाबा. चुकून आलो असतो तर उठून गेलो असतो."

शिकवायला अनुजा मॅडम होत्या. अंगानं काडी, पण आवाज असा की मागच्या भिंतीला लागून परत यायचा. त्यांनी सांगितलं की ही धिंगरी अळंबी, शिंपल्यासारखी दिसते. भाताचं पिंजार, म्हणजे वाळका पेंढा, बोटबोटभर तोडायचं, भिजवायचं, उकळून निर्जंतुक करायचं, निथळायचं. मग प्लास्टिकच्या पिशवीत पिंजाराचा एक थर, बियाण्याचा एक थर, असं भरत जायचं. भरलेल्या पिशवीला बेड म्हणायचं. तो अंधाऱ्या जागी टांगायचा. अठरा-वीस दिवसांत पिंजार पांढऱ्या बुरशीनं भरून गेलं की प्लास्टिक कापायचं, पाणी फवारायचं, आणि आठवड्यात अळंबी फुटते.

सगळे भराभरा लिहून घेत होते. रत्नव्वा चौथीपर्यंत शिकलेली. तिला लिहायचा सराव नव्हता. ती नुसती ऐकत होती आणि बघत होती. संध्याकाळी एसटीनं घरी आल्यावर सगळं जसंच्या तसं सौंदर्याला सांगायची आणि सौंदर्या ते वहीत लिहायची. तीन दिवसांत एक वही भरली.

चौथ्या दिवशी रत्नव्वा नवऱ्याला घेऊन घरामागच्या पडावर गेली. ही पाच गुंठ्यांची जागा म्हणजे मुरूम आणि खडक. सिद्धाप्पानं तिथं आयुष्यभरात हुलगा पेरून बघितला, तीळ टाकून बघितले, एकदा तर एरंड लावला. काहीच धड आलं नाही. शेवटी उसातले दगड वेचून टाकायला ती जागा ठेवली होती.

"हितं करायचं," रत्नव्वा म्हणाली.

"हितं कुसळ उगवत न्हाय गं."

"ह्या पिकाला जमीन लागतच न्हाय. सावली पायजे, ओल पायजे, आणि येता-जाता बघायला घराजवळ पायजे."

"जमीन लागत न्हाय?" सिद्धाप्पानं पायानं एक दगड लोटून बघितला. "ह्ये कसलं पीक म्हणायचं?"

पण माणूस हाताचा कसबी. त्यानं नऊ दिवसांत बांबूचा सांगाडा उभा केला, वर उसाच्या पाल्याचं जाड छप्पर घातलं, चारी बाजूंनी गोणपाट लावलं. आत गेलं की भर दुपारी अंगाला गार लागायचं. गावातली माणसं येऊन बघून जायची. "सिद्धाप्पा, म्हस बांधणार काय?" असं विचारायची. तो म्हणायचा, "छत्र्या लावणार हाय." आणि स्वतःच हसायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासू-सुनेनं वीस बेड भरले. वहीत लिहिलं होतं, उकळलेलं पिंजार दोन तास निथळायचं. सौंदर्यानं मोबाईलवर घड्याळ लावलं. दोन तासांनी रत्नव्वानं पिंजारात हात घातला. हाताला ते बरं वाटेना. पण वहीत दोन तास म्हटलं होतं, मॅडमनी सांगितलं होतं, आणि शिकलेली सून समोर उभी होती. तिनं पिशवी भरायला घेतली.

बाराव्या दिवशी पिशव्यांवर हिरवे डाग आले. पंधराव्या दिवशी विसांतले सतरा बेड हिरवेगार होऊन त्यांना आंबूस वास सुटला. सिद्धाप्पानं ते बेड एकेक करून खाली उतरवले आणि लांब उसाच्या टोकाला खड्डा काढून पुरले. उरलेल्या तीन बेडांना ओंजळ-ओंजळभर अळंबी आली. तिची भाजी केली, पण त्या दिवशी कुणाला चव कळली नाही.

"मॅडमना फोन लाव," रत्नव्वा सुनेला म्हणाली.

फोनवर अनुजा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "मावशी, हवेत ओल वाढली की दोन तास पुरत नाहीत. पाणी जास्त राहिलं. मुठीत दाबून बघितलं होतं का? हाताला ओल लागली पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. खरं सांगू, हे नुसतं सांगून येत नाही. हाताला कळायला लोकांना वर्ष-वर्ष लागतं."

रत्नव्वा म्हणाली, "मुठीत? मॅडम, मी चाळीस वर्सं त्येच केलंय की."

फोन ठेवून ती सुनेकडं वळली. "हात सांगत हुता गं मला. मीच ऐकलं न्हाय."

पुढच्या खेपेला घड्याळ घरात राहिलं. उकळलेलं पिंजार उतरत्या फळ्यांवर पसरून रत्नव्वा शेजारी बसली. तासातासाला मूठ भरायची, दाबायची, टाकून द्यायची. दोन तास झाले, तीन झाले. पाचव्या तासाला तिनं मूठ उघडली. पिंजार फुलून वर आलं, तळवा ओला होता, थेंब नव्हता. "भरा," ती म्हणाली. आवाज अगदी वखारीतला निघाला. सौंदर्या नंतर सांगायची, "त्या दिवशी अत्तींच्या आवाजावर मी पोरीला खाली ठेवून पळत आलो."

चाळीस बेड भरले. अठराव्या दिवशी चाळीसच्या चाळीस बेड पांढरेशुभ्र झाले, पिंजलेला कापूस ठासून भरल्यासारखे. प्लास्टिक कापलं आणि सहाव्या दिवशी सकाळी सिद्धाप्पा पाणी फवारायला आत गेला तो तसाच बाहेर आला.

"रत्ना," त्यानं हाक मारली. एरवी तो तिला नावानं कधी हाक मारत नसे. "आत ये. बघ काय झालंय."

प्रत्येक बेडातून झुपकेच्या झुपके बाहेर आले होते. एकावर एक, दुधावरच्या सायीसारख्या पाकळ्या. ज्या खडकावर एरंड जगला नाही, त्यावर टांगलेल्या पिशव्या जागा मिळेल तिथून फुटल्या होत्या. पहिल्याच तोडणीला नऊ किलो माल निघाला.

आणि तो खपेना.

गावात माणसं म्हणायची, "ही कुत्र्याची छत्री. इख असतंय." काही म्हणायची, "मटणागत लागतंय म्हणं. आपल्या माणसाला चालतंय व्हय?" रत्नव्वाचं घर लिंगायतांचं, गळ्यात इष्टलिंग. तिच्याच भावकीतल्या एका म्हातारीनं तिला देवळात अडवून हा प्रश्न केला. रत्नव्वा म्हणाली, "आज्जी, पिंजारातनं येतंय त्ये. भातासंगं वाढतंय, बकऱ्यासंगं न्हाय." म्हातारीनं तोंड फिरवलं. कोल्हापूरच्या मंडईत एका व्यापाऱ्यानं थोडा माल घेतला, पण उद्याचं काही सांगेना.

श्रावण लागला होता. वखारीतली जुनी मैत्रीण तानाबाई आणि रत्नव्वा एका सोमवारी दोन करंड्या घेऊन कोल्हापुरात हिंडत होत्या. तानाबाई मराठ्याची, जिभेनं तिखट आणि हातानं त्याहून तिखट. तिच्या तांबड्या रश्शाचं नाव वखारीत सगळ्यांना माहीत होतं, न खाणाऱ्यांनाही. रंकाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोघी एका मटणाच्या खाणावळीच्या पायरीवर टेकल्या. आत टेबलं पुसलेली, खुर्च्या मांडलेल्या, आणि गिऱ्हाईक एक नाही. गल्ल्यावर तरुण मालक पेपरातलं कोडं सोडवत होता.

"पावणं, हाटेल बंद हाय काय?" रत्नव्वानं विचारलं.

"बंद न्हाय ओ मावशी. श्रावण हाय. गणपती हुईस्तवर असंच." मालकाचं नाव ऋतुराज. आजोबांपासूनची खाणावळ.

"मग आचारी काय करतोय?"

"झोपा काढालाय."

रत्नव्वानं करंडी पायरीवरून उचलून गल्ल्यावर ठेवली. "ह्येचा तांबडा करा."

ऋतुराजनं कापड बाजूला केलं. "मशरूम व्हय? हे पंजाबी हाटेलात द्या, मावशी. कोल्हापूरचा माणूस तांबड्यात असलं काय घालून खाणार न्हाय."

आता तानाबाई उठली. "कोल्हापूरचा माणूस श्रावणात काय खातोय? शाबू? म्हैनाभर त्येची जीभ तांबड्यासाठी वळवळती, आणि तुमी हितं कोडी सोडवत बसलासा! एक डाव मला चुलीजवळ जाऊ द्या. न्हाय जमलं तर ह्या दोन्ही करंड्या तुमच्या गायीला घाला."

"माझ्याकडं गाय न्हाय," ऋतुराज हसून म्हणाला, पण वाटेतून बाजूला झाला.

रत्नव्वा म्हणाली, "आज न्हाय. मटणाच्या भांड्यात माझा माल शिजणार न्हाय, आणि श्रावण पाळणाऱ्याला तसलं घालायचं बी न्हाय. आमी बेस्तरवारी आमची भांडी घेऊन येतो."

गुरुवारी दोघी पहिल्या गाडीनं आल्या, पातेली, पळ्या, चटणीची बरणी आणि ताजी तोडलेली सहा किलो अळंबी घेऊन. तानाबाईनं सुकं खोबरं आणि तीळ भाजले, आलं-लसूण वाटलं, कांदा-लसणाची चटणी टाकली आणि तेल सुटेपर्यंत मसाला परतला. अळंबी हातानं उभी चिरून घालायची आणि शिजवून गाळ करायची नाही, एवढं मात्र रत्नव्वानं तिच्यावर सोडलं नाही. ते तिनं स्वतः केलं. खाणावळीचा आचारी आधी दारात उभा होता, मग चुलीजवळ आला, मग पळी मागायला लागला.

वास रस्त्यावर गेला. दुकान बंद करून घरी निघालेले तिघे जण आत डोकावले. "ऋतुराज, श्रावणात मटण? लाज हाय काय?"

"बसा तर खरं," ऋतुराज म्हणाला.

तिघांनी पहिला घास घेतला. एकानं भाकरी मोडून वाटीचा तळ पुसला. दुसऱ्यानं न विचारताच वाटी पुढं केली. तिसरा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, ये लवकर. व्हय, चालतंय. शाकाहारी हाय. शप्पथ!" दोन वाजेपर्यंत पातेलं रिकामं झालं. रत्नव्वा आतल्या दारातून बघत होती. आपण पिकवलेलं माणसं बोटं चाटून खातायत, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तंबाखू कोण खातं, कुठं थुंकतं, हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

ऋतुराज हात पुसत आला. "मावशी, ह्येला भांडी मी नवी घेतो. श्रावणभर रोज जमंल तेवढा माल आणा. आणि गणपतीच्या दहा दिवसांत रोज तीस किलो पायजे. जमंल?"

रत्नव्वानं बोटांवर दिवस मोजले. "आज बियाणं टाकलं तर चवथीला निघंल. जमवतो."

एसटीत बसल्यावर तानाबाई म्हणाली, "रोज तीस किलो! अगं, तीनशे बेड लागतील. कोण भरणार?"

"अकरा जणी," रत्नव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. वखारीतल्या बायका कुणी धुणी-भांडी करत होती, कुणी उसाच्या भांगलणीला जात होती, कुणी नुसतीच बसून होती. सगळ्यात थोरली अंबूबाई म्हणाली, "मला ह्यातलं काय येतंय गं?"

"मूठ दाबाय येती न्हवं?"

शिकवायला वेळ नव्हता आणि तशी गरजही पडली नाही. अकरा जणी पिंजाराभोवती बसल्या, प्रत्येकीनं मूठ भरली, दाबली, आणि नऊ जणी एकदम म्हणाल्या, "अजून तासभर." सौंदर्या बघतच राहिली. तीन दिवसांत तीनशे बेड भरून टांगले. सिद्धाप्पानं मांडव दुप्पट वाढवला. आता त्याला कुणी म्हशीचं विचारत नव्हतं.

चवथीच्या आधी आठवडाभर मात्र सगळ्यांचे जीव टांगणीला लागले. पाऊस असा लागला की गगनबावडाच खाली उतरून आल्यासारखं झालं. पाणी आत येऊ नये म्हणून गोणपाट चारी बाजूंनी घट्ट बांधलं होतं. फुटायला लागलेली अळंबी नुसतीच देठानं लांब व्हायला लागली, डोकं टाचणीएवढं. फोटो बघून अनुजा मॅडम म्हणाल्या, "कोंडलीय ती. वारा द्या." भर पावसात सिद्धाप्पानं दोन बाजूंचं गोणपाट सोडलं आणि पाणी अडवायला बाहेरून पत्रे तिरपे लावले. दोन दिवस सगळ्याजणी पाळीपाळीनं आत जाऊन बघायच्या आणि बाहेर येऊन मान हलवायच्या. तिसऱ्या दिवशी अंबूबाई आत गेली आणि तिथूनच ओरडली, "पसरली गं बायांनो! तळहाताएवढी झाली!"

चवथीला सकाळी चौतीस किलो तोडली. महांतेशनं सुट्टी काढून मित्राचा टेम्पो आणला. दहाही दिवस माल गेला, एकदाही तीसच्या खाली नाही. खाणावळीच्या दारात ऋतुराजनं पाटी लावली होती, "अळंबीचा तांबडा-पांढरा". रात्रीचे देखावे बघून दमलेली माणसं तिथं बाहेरच्या पायरीपर्यंत थांबून असायची. पाचव्या दिवशी अकरा जणी नवी लुगडी नेसून गणपती बघायला गेल्या आणि गिऱ्हाईक म्हणून त्या खाणावळीत जेवल्या. ऋतुराजनं स्वतः वाढलं. तानाबाईनं पहिला घास घेऊन आचाऱ्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "तीळ जरा कमी भाजलाईस." आचारी "व्हय, काकू" म्हणाला.

दिवाळीनंतर सोसायटीत ठराव होऊन बायकांचा गट रीतसर झाला. पडावर दुसरा मांडव उभा राहिला, यावेळी सिमेंटच्या खांबांचा. देवळात तोंड फिरवणारी भावकीतली म्हातारी आता दर सोमवारी नातीला पाठवून पावशेर मागवते, आणि निरोप धाडते की जरा कवळी बघून दे.

डिसेंबरातल्या एका दुपारी सगळ्याजणी मांडवाच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. सौंदर्याच्या मांडीवरची पोर आता चालायला लागली होती आणि जिच्या ताटाजवळ जाईल तिच्याकडून घास घेत होती. फोन वाजला. मलकापूरहून एक ढाबेवाला बोलत होता. रत्नागिरी रस्त्यावर त्याचा धंदा मोठा, माल तातडीनं हवा होता, गाडी आत्ता पाठवतो म्हणत होता.

रत्नव्वानं बेडांकडं एक नजर टाकली. "आज न्हाय, पावणं. अजून दोन दिवस वाढाय पायजे. शनवारी सकाळी गाडी धाडा, वीस किलो देतो."

तिकडून काहीतरी घासाघीस चालली होती. ती एवढंच म्हणाली, "व्हय, दुसऱ्याकडनं घ्या की. पर शनवारी माझा बी माल बघून जावा."

तिनं फोन सुनेकडं दिला. पाच मिनिटांत तो पुन्हा वाजला. सौंदर्यानं उचलला, दोन शब्द बोलली आणि हसत वहीत लिहून घेतलं, शनिवार, मलकापूर, पंचवीस किलो.

"वीस म्हटलं हुतं मी," रत्नव्वा म्हणाली.

"त्येनीच वाढवलं, अत्ती."

रत्नव्वा डबा झाकून उठली आणि हात धुवून मांडवात गेली. शनिवारच्या पंचवीस किलोंना कुठले बेड लागतील, ते तिला आताच बघून ठेवायचं होतं.